आप्पांच्या चिमटीतला कान

आमच्या भीमाकाठच्या पंचक्रोशीत एखाद्या जावयाचा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर लांब दिसला, तर खुशाल समजावं, ह्याच्या लग्नाला वडगाव रासाईचे दगडूआप्पा हजर होते.

नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळून 'आमची बहीण नीट सांभाळा' असं बजावायचं, आणि नवरदेवानं त्याला मानाचा टॉवेल-टोपी द्यायची, ही आपली कानपिळीची रीत. ज्या नवरीला भाऊ नाही, तिचे भाऊ आप्पा. पत्रिका आली नाही तरी येणार. मानाचे टॉवेल त्यांच्याकडं इतके साठलेत, की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा अंघोळीनंतर टॉवेलनं अंग पुसून घेतल्याशिवाय धारेला उभ्या राहत नाहीत.

बाकीचे भाऊ कान पिळतात म्हणजे माशी हाकलतात. आप्पा मोटारसायकलची रेस पिळावी तसा पिळतात. इनामगावात एका नवरदेवानं अशी किंकाळी मारली, की घोडनदीपल्याडच्या मांडवातली माणसं 'सावधान' झालं समजून अक्षता टाकून जेवायला बसली. तिकडं नवरीसुद्धा अजून आली नव्हती!

एका डॉक्टर नवरदेवानं हरकत घेतली. "अहो, कानाजवळ नस असते."

"व्हय ना दाजी," आप्पा म्हणाले, "तीच घावंना."

दाढी न फुटलेल्या पोरालाही आप्पा 'दाजी'च म्हणणार. भाऊ म्हणून उभे राहिले ना!

आणि यंदा ह्या माणसाला घाम फुटला. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, स्वातीचं, लग्न ठरलं. मुलगा पाटसचा, साखर कारखान्यात शिफ्टला. सगळं उत्तम; पण स्वातीला भाऊ नाही, आणि बापानं कन्यादान करायचं असतं, कान पिळायचा नसतो.

"गावभरच्या पोरींची कानपिळी म्या केली," आप्पा ओट्यावर येऊन बसले, "आन् माझीच पोर तशी जायची व्हय रं?"

मी शेजारी. भाऊबीजेला स्वाती मलाच ओवाळते. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं आणि तिथंच माझी नेमणूक झाली. तालीमही लगेच सुरू. कान अर्थातच माझा.

"चिमूट अशी. आता फिरीव. आरं, शेवंती खुडतोस का कान पिळतोस?"

हळदीच्या दिवशी माझा कान जास्वंदीसारखा फुलला होता. आमची बायको म्हणाली, "लग्न स्वातीचं, आन् हळद तुमच्या कानाला लावायची का?"

मांडवात माझी पाळी आली. मुलगा सालस, फेटा सरकवून त्यानं आपणहून कान पुढं केला. मी जीव खाऊन पिळला. गडी हसला! गुदगुल्या झाल्या म्हणे.

तोच पाटावरून आप्पा उठले. "ह्याला पिळणं म्हंत्यात? सरक तिकडं."

"आप्पा, तुम्ही वडील," भटजी कळवळले, "वडिलांनी पिळत नाहीत."

"तुम्ही मंत्र म्हणा."

मोबाईल वर झाले. वाजंत्र्यानं सनई काखेत मारली. नवरदेवाच्या आईनं डोळे मिटले, नवरदेवानंही मिटले. आप्पांनी कान चिमटीत धरला.

धरला तो धरलाच. चिमूट फिरेना. हळूहळू ती सुटली, आणि थंडीत लेकराचा झाकावा तसा तो कान आप्पांनी आपल्या रापलेल्या तळव्यात झाकून घेतला.

"जावईबापू," त्यांचा आवाज मला शेजारी उभं राहूनही जेमतेम ऐकू आला, "पहाटंच्या शिफ्टला गाडीवर जाता. मफलर बांधत जावा."

"व्हय, मामा."

"आन् तिलाबी बांधायला सांगा. म्या सांगून थकलो." आप्पांनी स्वातीकडं पाहिलं नाही. "तुमचं ऐकंल."