तात्यांची मंडळी

कन्हेरीचे तात्या डुकराला कधी डुक्कर म्हणत नाहीत. 'मंडळी' म्हणतात. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "मंडळी उठली. दोघं चिखलात लोळत्यात, बाकीची उकरत्यात." माझ्या गाईड सरांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना तात्यांच्या घरच्यांची काळजीच वाटली होती.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. डुकरं मोकळ्या रानात पाळली तर मातीचं काय होतं, हा माझा विषय. आमच्या इंदापूरकडं कुणी वावर देईना. तात्यांनी मात्र उसाला पाणी पाजून पाजून खारावून चोपण झालेलं अर्धा एकर रान लगेच दिलं. भावकीनं नावं ठेवली, तर म्हणाले, "मातीला इचारू की, तिला काय वाटतंय ते."

रानाचे चार तुकडे केले. तीन तुकड्यांत कॉलेजची डुकरं सोडली. चौथा कोरा, तुलनेसाठी; तिथं जनावर फिरकू द्यायचं नाही, असं मी तात्यांना बजावलं. मी नमुने घेताना ते माती तळहातावर चोळायचे, हुंगायचे आणि प्रयोगशाळेच्या आधी निकाल सांगायचे. "ही दबलीया. हिच्यात खत मायंदाळ झालंय." बहुतेक वेळा बरोबर यायचं, हे सरांना आवडायचं नाही.

मग घोटाळा झाला. कोऱ्या तुकड्यात नत्र डुकरांच्या तुकड्याइतकंच निघालं. सर म्हणाले, पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील. परत नमुने घेतले, परत तेच. वर्षभराचं काम पाण्यात जायची वेळ आली.

एका दुपारी मी न सांगता गेले. कोऱ्या तुकड्याच्या कुंपणाची तार एका बाजूनं सोडलेली. आत लिंबाखाली तात्या जेवत बसलेले, आणि समोर आमची लंगडी डुकरीण निम्मी भाकरी खात उभी.

हे कधीपासून चाललंय, म्हणून विचारलं. पावसाळ्यापासून रोज, म्हणाले. बाकीची तिला ढकलतात, खाऊ देत नाहीत. मी चिडले. तिला वेगळं खायला घालायचं होतं, तर दुसरीकडं कुठंही घालायचं, इथंच का?

तात्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"तिच्यासाठी न्हाय पोरी. तुझी काकी गेल्यापास्नं एकट्याला घास उतरत न्हाय. अन् सावली हितंच हाय."

मी सरांना खरं सांगितलं. ते आधी रागावले, मग हसले. लिंबाखालचा कोपरा सोडून नमुने घेतले, आकडे जुळले, प्रबंध झाला. कोपरा का वगळला, तिथं मी 'जनावराचा अनपेक्षित वावर' एवढंच लिहिलं.

शेवटच्या दिवशी कॉलेजची गाडी आली. डुकरं चढवून मोजली तर एक कमी. सर विचारायच्या आत मीच म्हणाले, लंगडीला प्रवास झेपणार नाही, राहू दे. तात्या आमच्याकडं पाठ करून कोऱ्या तुकड्याची तार ओढून ताठ करत होते. ती तार त्या दिवशी काढायची होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.