लांजेवार सर आणि लोकांची कोपरं

आमच्या वरठीतले लांजेवार सर कोणाला नमस्कार करत नाहीत. ते समोरच्याचं कोपर धरतात, हात वाकवतात, सरळ करतात, "ढिला आहे" म्हणतात आणि पुढे जातात. तहसीलदारालाही त्यांनी सोडलं नाही.

सर माझे शेजारी. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत होते. नॉरॲड्रेनॅलिन नावाचं द्रव्य शरीरात मोडल्यावर जे उरतं, त्याचा आणि कंपवाताच्या रोग्यांचं अंग ताठण्याचा काही संबंध लागतो का, हे शोधण्यात त्यांची उमर गेली. नोकरी सुटली, पण एक वाक्य सुटलं नाही. "संबंध दिसते. त्याच्यामुळेच होते, असं नाही म्हणायचं." पाऊस लांबला, लाइट गेली, कोणाची सोयरीक मोडली, सगळ्याला हेच.

मी शाळा सोडून बैलांच्या धंद्यात पडलो आणि स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो. आमचा भाव तोंडानं ठरत नाही. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं धरून ठरतो. गेल्या बाजारात नाकाडोंगरीचा एक शेतकरी माझ्या जोडीवर राजी होत आला होता. तेवढ्यात सरांनी दुपट्ट्याखालून त्याचा हात ओढला आणि वाकवून पाहिला. त्याला वाटलं, दबाव आणायला मीच माणूस ठेवला. तो तडक निघून गेला. जोडी अजून माझ्या गोठ्यात तणीस खाते आहे.

"सर, तुमच्यापायी माझा सौदा मोडला!"

"संबंध दिसते, शेठ. त्याच्यामुळेच मोडला, असं..."

पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. पण राग शांत होईना, म्हणून संध्याकाळी भांडायला त्यांच्या घरी गेलो. वहिनी खाटेवर होत्या. त्यांना कंपवात आहे हे मला ठाऊक होतं. सर रोज त्यांचा ताठलेला हात वाकवून मोकळा करत बसतात, हे ठाऊक नव्हतं.

"काहून धरता हो सगळ्यायचे कोपरं?" मी ओरडलोच.

सरांनी वहिनींचा हात सोडला नाही. "रोज हिचाच हात हातात असते. साधा हात कसा लागते, तेच विसरून जातो. मग हिचा सुधरला का बिघडला, मले समजत नाही."

वहिनी हसल्या. "भाऊ, तुम्हीच पाहा बरं. तुम्ही बैल हात लावून पारखता. यांच्या हाताचं तर मापच बिघडलं."

मी हात धरला. गंजल्या कडीसारखा तो अडत अडत वाकला.

"मागच्यापेक्षा ढिला आहे," मी म्हणालो.

मागे मी तो कधी धरलाच नव्हता. सरांना ते ठाऊक होतं.

"आहे ना?" ते म्हणाले, आणि लगबगीनं चहा मांडायला आत गेले.