खातं बंद करण्याआधी फोन करावा

पाहुण्यापुढं चहा ठेवताना त्या चहाची माहिती सांगणारा माणूस पुंडलिकनगरात एकच आहे. "हा चहा. साखर घातलेली आहे, पुन्हा घालू नये. कपाचा कान धरून उचलावा, कड तापलेली आहे." हे आमच्या खालच्या मजल्यावरचे हबीबचाचा. साठीच्या अलीकडचे, मूळचे पाचोडचे, एकटेच राहतात. मला विचाराल तर शहरातले सर्वांत वैतागवाणे सद्गृहस्थ.

आधी ते करमाडकडच्या एका कारखान्यात पाण्याच्या मोटारींची माहितीपत्रकं लिहायचे. आता घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी लिहितात. ही कंपनी लोकांची कॉम्प्युटरवरची खाती चोरांपासून सांभाळते. राखणीला एआय एजंट बसवलाय. त्याच्या हाताशी बरीच टूल्स असतात. एक खातं तपासायचं, एक बंद करायचं, एक नुसता इशारा द्यायचं. कुठलं कधी उचलायचं हे त्याला कसं कळणार? चाचा लिहून देतात तसं. हे काय करतं, कधी वापरावं, कधी वापरू नये. त्यात एक शब्द ढिला राहिला, तर एजंट तपासायचं सोडून बंदच करून मोकळा होतो. "त्याला अंदाज नाय ना, बेटा," चाचा म्हणतात. "त्याच्याकडं फक्त माझं लिहिलेलं हाय."

मी पण लिहिते, पत्रकं. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, झोपलेल्यांना उठवण्यासाठी. चाचांना पहिल्यांदा दाखवलं ते टँकरच्या मोर्चाचं. 'नागरिकहो, आता तरी जागे व्हा!' अशी दणदणीत सुरुवात होती. चाचांनी चष्मा पुसला.

"जागा झालो. पुढं?"

"पुढं रस्त्यावर उतरायचं."

"कोणत्या? किती वाजता? हंडा आणायचा का नाय?"

मी तावातावानं कागद उचलला आणि तसाच छापला. मोर्चाला अकरा जण निघाले, त्यांतले चार भलत्याच चौकात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक आधी खाली जातं. "लई ओरडतीस कागदावर," असं म्हणत चाचा उद्गारचिन्हं खोडतात आणि वेळ, ठिकाण लिहायला लावतात.

गेल्या महिन्यात मात्र भांडायची पाळी त्यांची होती. खातं बंद करायच्या टूलपुढं त्यांनी पूर्वीच लिहून ठेवलं होतं, 'पासवर्ड तीनदा चुकला म्हणून माणसाला चोर धरू नये. बंद करण्याआधी ड्युटीवरच्या माणसाकडून खातेदाराला फोन करवावा.' ही ओळ काढायचं कंपनीनं ठरवलं. विनाकारण फोन करावे लागतात म्हणे. माझं डोकं फिरलं. यंत्रानं माणसाला न विचारता दाराबाहेर काढायचं, आणि 'आधी विचारा' एवढं म्हणणारी ओळ यांना जड होते? मी तिथल्या तिथं पत्रक लिहिलं. तारीख, वेळ, कंपनीचं फाटक, सगळं घालून.

रविवारी पाचच्या सुमारास मी पत्रक घेऊन खाली गेले. चाचांनी सावकाश वाचलं. एकही शब्द खोडला नाही.

"हे छापू नको."

"का? घाबरलात?"

"नको म्हटलं ना."

मी धुमसत बसून राहिले. ते कॉम्प्युटरकडं वळले. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. माझ्या एका स्वल्पविरामावर तासभर वाद घालणारा हा माणूस तिसऱ्यांदाही चुकला. मग मोबाइल समोर ठेवून, हात मांडीवर घेऊन बसला.

मोबाइल वाजला. चाचांना कमी ऐकू येतं, त्यामुळं स्पीकर कायम चालू.

"चाचा, तुम्हीच ना?" ड्युटीवरची मुलगी होती.

"व्हय, मीच. जेवलीस का? आईचा गुडघा?"

"बरा आहे आता. जिना चढते. चाचा, उद्यापासून ती ओळ नसणार. साहेबांनी यादी काढली. त्या ओळीवरनं झालेले फोन सगळे तुमच्याच खात्याचे निघाले, दर रविवारी पाचचे."

"माहितै मला."

"मी नव्हतं सांगितलं कुणाला."

"तू कशाला सांगशील. नीट राहा, बेटा."

फोन बंद झाल्यावर ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "ओळ बरोबर होती. कुणाच्या तरी लई कामी आली असती. मीच नको तिथं वापरली."

एरवी मला तोंड मिटवणं जमत नाही. त्या दिवशी पत्रकाची घडी घालून मी वर आले.

पुढच्या रविवारी पाच वाजता मी वरूनच त्यांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कोण?"

"मी. वरची."

"काय काम?"

"काम काही नाही."

"थांब, टीव्हीचा आवाज कमी करतो."

चाचांच्या घरात टीव्ही नाही. मी थांबले.