वत्सलाक्का झाकण उचलतात

परक्या घरात शिरून चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून आत डोकावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. वत्सलाक्का. बरं, डोकावून गप्प बसतील तर त्या वत्सलाक्का कसल्या? झाकण तसंच हातात धरून त्या घरातल्या सगळ्यांना ओळीनं झापत.

आमचं काम तसं सरळ होतं. एका संस्थेसाठी हुबळी-धारवाड भागात घरोघर जायचं आणि दोन वर्षांखालच्या मुलांनी काल दिवसभरात काय खाल्लं, किती खाल्लं, ते आईला विचारून लिहून घ्यायचं. अक्का विचारणार, मी लिहिणार. मी नुकतीच गृहविज्ञान शिकून बाहेर पडले होते. अक्का हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत तोच विषय शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या पिशवीत तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या असत. "एवढी की एवढी?" म्हणत त्या वाटी अशी पुढं करत, की उत्तर चुकलं तर ती डोक्यातच बसेल असं समोरच्या बाईला वाटावं.

त्यांचा सगळ्यात जास्त राग एका उत्तरावर होता. मराठी घरात ते "सगळं खातो" असं यायचं, कानडी घरात "एल्ला तिंतानरी". ऐकलं की अक्कांच्या कपाळावरची शीर उठे. "सगळं म्हणजे काय? माती खातो?" एका आईनं भाबडेपणानं सांगितलं, की हो, खातो अधूनमधून. तेव्हा मात्र अक्का ओरडल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "लिही. याचं रक्त तपासायला हवं, लोह कमी असणार."

रागवण्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. विद्यानगरात एका वकिलांकडे सव्वा वर्षाच्या नातीला सगळं जेवण मिक्सरमधून काढून पाजत होते. अक्कांनी विचारलं, हिला दात काय फोटोसाठी आलेत? उणकलच्या एका नव्या फ्लॅटमध्ये मोबाइल दाखवत घास भरवणं चाललं होतं. अक्कांनी तो मोबाइल घेतला आणि फ्रिजमध्ये ठेवला. पोरगं तोंड उघडं टाकून फ्रिजकडे बघत बसलं. त्याच्या आजीनं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मला लाज वाटायची, पण खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. चहात बुडवलेल्या बिस्किटावर दिवस काढणारी पोरं बघून माझंही डोकं फिरायचं. माझ्या वाटचं अक्का बोलत होत्या.

मग अळणावरजवळच्या एका खेड्यात आमची दुसरी फेरी झाली. मजुरी करणाऱ्या मराठी लोकांची वस्ती. सकाळपासून सगळीकडे उत्तरं छान मिळत होती. अंडं, दूध, वरणभात, पालेभाजी, केळं. अक्का चक्क खुशीत होत्या. पहिल्या फेरीत झापलं त्याचा उपयोग झाला, म्हणत होत्या.

शेवटचं घर सुगंधाचं. वीस-बावीस वर्षांची पोर, कडेवर चौदा महिन्यांची मुलगी. मुलीचे दंड माझ्या दोन बोटांत मावले असते. सुगंधानंही तेच सांगितलं. अंडं, दूध, वरणभात, पालेभाजी, केळं. अगदी त्याच क्रमानं, पाढे म्हणावेत तसं.

अक्का उठल्या आणि त्यांनी चुलीवरचं झाकण उचललं. आत कालचा भात. शेजारच्या वाटीत लाल मिरचीची चटणी. बाकी काही नाही.

"अंडं कुठाय?" अक्कांचा आवाज चढला. "खोटं का सांगतेस? पोरीचे हाल दिसत नाहीत तुला?"

सुगंधा मान वर करून म्हणाली, "मागल्या बारीला शेजारच्या पारूला तुमी किती बोललासा. अंगावरचं लेकरू तिचं, दोन दिस जेवली न्हाई ती. दूध आटलं. मग आमी समद्यांनी ठरवलं, बाई आल्या की असंच सांगायचं."

मी हातातले फॉर्म चाळले. सकाळपासूनच्या प्रत्येक घराचं उत्तर तेच होतं, त्याच क्रमानं. माझ्याच अक्षरात.

अक्का झाकण धरून तशाच उभ्या राहिल्या. त्या आता फुटणार, असं मला वाटलं. त्या फुटल्या नाहीत. झाकण जागेवर ठेवून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "आजचे सगळे फॉर्म रद्द कर." ऑफिसात काय सांगायचं, असं मी विचारलं. "वत्सलाबाईंना काम येत नाही, असं सांग."

मग त्यांनी सुगंधाला पुन्हा पहिल्यापासून विचारलं. सुगंधा भातलावणीला जाते, तेव्हा मुलगी म्हाताऱ्या सासूकडे असते. सकाळी चहात कुस्करलेली भाकरी, दुपारी तेच, रात्री भात आणि मिठाचं पाणी. अक्कांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मान लालबुंद झाली होती, पण तो राग सुगंधावर नव्हता.

तिथून पारूकडे गेलो. आम्हाला बघून पारूनं दार लावून घेतलं. अक्का गुडघे दुखत असताना तिच्या पायरीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. "मी तुला ओरडायला नको होतं," अक्का म्हणाल्या. "तू उपाशी राहिलीस, ते माझ्यामुळं." पारूनं दार पुन्हा लावलं नाही.

बसथांब्यावर अक्का बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, त्यांची लेक बेंगळूरला असते, तिला अकरा महिन्यांचा मुलगा आहे. त्या दर फोनला विचारतात आणि लेक सांगते, वेळेवर खातो, व्यवस्थित खातो, अगदी पुस्तकात असतं तसं. बारशानंतर मात्र तिनं एकदाही घरी बोलावलं नव्हतं.

त्यांनी फोन लावला. काही विचारायला केला नाही, म्हणाल्या, आज माझं काय चुकलं ते सांगायला केलाय. आणि पारूचं सगळं सांगितलं. पलीकडून लेक रडतरडत भरभरून बोलायला लागली. शब्द मला कळत नव्हते. अक्का पदर तोंडाशी धरून नुसतं "हं, हं" म्हणत होत्या.

धारवाडची बस आली. आम्हाला बघून ड्रायव्हरनं वेग कमी केला. मी मानेनंच नको म्हटलं.