साळूबाईची मुद्रा ठरविली त्याची हकीकत

श्रीगजवदन, ज्यांनी ऐकावयास सुपाएवढे दोन कान धरिले आणि बोलावयाचे तोंड सोंडेआड ठेविले, त्यांस नमन करोन, आणि शारदा, जिच्या वीणेवर कोण्या खात्याचा शिक्का नाही, तीस दंडवत घालोन लेखनास आरंभ केला. शके अठराशे पंचवीस, शोभन नाम संवत्सर, पौष मासी अमुक एका राज्यात तबकडीखाना म्हणोन नवे खाते निघाले. गाणाराने पितळी कर्ण्यात तोंड घालोन गावे, आणि ते गाणे मेणाच्या ताटावर रेघारेघांनी उमटावे, मग त्यावरोन लाखेच्या काळ्या तबकड्या पाडाव्या आणि सुईखाली फिरवोन मुलुखभर ऐकवाव्या, ऐसा त्या खात्याचा उद्योग. खात्याचे दरोगे सिदोपंत. पंत बहुत नेमस्त, फडताळात तबकडी ठेवीत ती काठास काठ जुळवोन ठेवीत, परंतु तबकड्यांचे दैव काही जुळेना. चौदा गवयांची गाणी पाडिली आणि चौदाही जणांचा आवाज कर्ण्यातून एकसारखा निघाला, नाक चोंदल्यागत. एके दिवशी सरकारस्वारीने भैरवी मागितली, तो तीन वेळा भलताच गवई निघाला. तेव्हा सरकार हसोन बोलिले, "पंत, तुमच्या खात्यात गवई चौदा आणि सर्दी एक." पंतांस तीन दिवस अन्न गोड लागले नाही.

मग कळ दुरुस्त करावयास एक फिरंगी कारागीर आला होता, त्याने बोलता बोलता सांगितले की आमचे मुलुखी प्रत्येक गाणाराचा ब्रँड असतो, लोक गाण्याआधी ब्रँड ओळखतात, आणि तो खात्याने व गाणाराच्या कारभाऱ्याने एकविचारे उभा करावा लागतो. इतके सांगोन तो सुई बसवोन निघोन गेला, आणि ब्रँड म्हणजे काय हे विचारावयाचे राहोन गेले. दरबारी चर्चा जाहली. पागेचे सरदार म्हणाले, "यात काय अवघड, घोड्याच्या पुठ्ठ्यावर देतो तो डाग," आणि लोखंड तापवावयास माणूस पाठविला देखील. त्यास परत बोलावून आणिले. मग मुनशींनी टाक कानावर ठेवोन डोळे मिटिले, आणि उघडोन म्हणाले, "मुद्रा." शब्द भारदस्त होता, सर्वांनी माना डोलाविल्या, आणि मान डोलावल्यावर अर्थ विचारणे शोभत नाही, म्हणोन कोणी विचारिला नाही.

त्याच राज्यात साळूबाई या नावाची गाणारीण होती. रंगाने सावळी, अंगाने भरलेली, आवाज ऐसा की जत्रेत पाळण्याच्या कुरकुरीवरोन ऐकू जावा. तिचे एक गाणे सर्व मुलुखी ठाऊक, मोहिमेवर गेलेल्या धन्याची वाट बघणारीचे. पहिली दोन कडवी ऐकोन बायका डोळ्यांस पदर लावीत, आणि तिसऱ्या कडव्यात घोडा येई, धनी येई, आणि पागोटे मात्र येत नसे. त्या ठिकाणी साळूबाईस हसू फुटे. दर वेळेस बोडका धनी तिला डोळ्यांपुढे दिसे आणि ती खुदकन हसे, मग सावरी, मग पुन्हा हसे, आणि तिच्या हसण्याने सगळी जत्रा हसे. ती हे जाणोन करीत नव्हती. जाणोन केले असते तर एक वेळ चुकले असते, ते कधी चुकले नाही. तिचा कारभार सख्खे मामा चिमणाजी बघत. मामा उंचीने पाच फूट आणि बोलण्याने सात.

सिदोपंतांनी चिमणाजींस बोलावू पाठविले आणि तहनामा जाहला, कलमे पाच. पैकी पहिली चार मानपानाची, आणि पाचवे ऐसे: गायिकेची मुद्रा खाते व कारभारी यांनी मिळोन ठरवावी, ती सर्व ठिकाणी एकच दिसावी, आणि बदलल्यास खोटी मुद्रा चालविल्याचे शासन, म्हणजे बारा वर्षे राज्यात गाणे मना. खोट्या शिक्क्याचे शासन जुन्या दप्तरात होते, मुनशींनी तेच उतरविले. साळूबाईने विचारिले, "मामा, यात काय लिहिले?" मामा म्हणाले, "तुझे कल्याण लिहिले." ती म्हणाली, "कल्याण एवढ्या बारीक अक्षरात?" मामा म्हणाले, "साळे, अंगठा उठव, पंतांस कामे आहेत." तिने अंगठा उठविला.

आता गंमत ऐशी की सिदोपंत मुद्रा म्हणजे शिक्का समजले, आणि चिमणाजी मुद्रा म्हणजे चेहरा समजले. पंतांनी चंदनाच्या ठोकळ्यावर साळुंकी कोरविली, कारागीर कच्चा होता म्हणोन ती चिमणीसारखी जाहली, आणि तो शिक्का उठविण्याचा सपाटा लाविला. छत्र्यांवर उठविला, विड्याच्या पानांवर उठविला, धर्मशाळेच्या उशांवर उठविला, त्यामुळे वाटसरू सकाळी उठले ते गालावर चिमणी घेऊन उठले. इकडे चिमणाजींनी दशावतारी मंडळींत सोंगे रंगविणारा एक म्हातारा गाठिला आणि त्याजकडून भाचीचा चेहरा ठरविला. डावी भुवई दोन जव वर, उजवी होती तेथे, खालचा ओठ एक जव पुढे, हनुवटी पूर्वेस, आणि डोळ्यांत ऐसा भाव की नुकतेच कोणी काही बोलले आणि ते मनास लागले. रोज सकाळी मामा जवाचे दाणे घेऊन बसत, भुवईखाली धरोन मोजीत, आणि कमी भरल्यास म्हणत, "साळे, अर्धा जव चोरलास."

साळूबाई म्हणाली, "मामा, तोंड धरिले की सूर सुटत नाही." मामा म्हणाले, "सूर सवयीने सुटेल." ती म्हणाली, "आणि तिसऱ्या कडव्यास हसू आले तर?" मामांचा चेहरा उतरला. "हसशील तर भुवई हलेल, भुवई हलली की मुद्रा बदलली, आणि मुद्रा बदलली की बारा वर्षे घरी बस. तुझी आई गात गात म्हातारी जाहली, तू न गाता होशील. म्हणोन पागोट्याचा विचारच करू नकोस." त्या दिवसापासोन साळूबाईस उठता बसता, जेवता, न्हाता पागोट्याविना दुसरा विचार सुचेना, आणि ती ओठ एक जव पुढे काढोन पागोटी मनातून हाकलीत बसली.

मग खाते व कारभारी यांची मसलतीची बैठक जाहली. पंतांनी विचारिले, "काय कारभारी, मुद्रा कैशी उठते?" चिमणाजी म्हणाले, "सकाळी छान उठते, दुपारी जेवणानंतर जरा उतरते." पंत म्हणाले, "आमच्याकडे काजळी कमी पडली की तैसेच होते. काजळी घालीत जा." चिमणाजी म्हणाले, "घालतो की, दोन्ही डोळ्यांत." पंत विचारात पडले, परंतु विचारणे कमीपणाचे वाटले, म्हणोन म्हणाले, "निजावयाचे वेळी काय करिता? आम्ही तेल पुसोन पेटीत ठेवितो." चिमणाजी बहुत चकित जाहले, तथापि तेही मागे हटणारे नव्हते. म्हणाले, "पेटीत मावत नाही, पंत. सैल सोडितो." पंत म्हणाले, "शाबास, एकविचाराने काम चालले आहे." दोघांनी एकमेकांस विडे दिले, विड्यांवर चिमणी होती, आणि चिमणाजींनी ती पान खराब निघाले म्हणोन आतल्या बाजूस घडी घालोन खाल्ली.

पुढे साळूबाईस कर्ण्यापुढे उभे केले. ती म्हणाली, "मामा, आत अंधार आहे. कर्ण्यात माझे तोंड कोण बघतो?" मामा म्हणाले, "कलम बघते." मग तिने भुवई दोन जव धरोन गाणे म्हटले, आणि आवाज निघाला तो पंधराव्या सर्दीचा. तिसऱ्या कडव्यास तिने दात आवळोन पागोटे गिळिले. तबकडी तयार जाहली, मग सिदोपंत शिक्का घेऊन आले. काठ अरुंद, मध्ये भोक, यास्तव पंतांनी सुतळीने माप घेतले, आणि जेथे चिमणी ठळक दिसेल तेथे, म्हणजे गाण्याच्या रेघांवरच, लाख ऊन असता शिक्का दाबिला. तो नेमका तिसऱ्या कडव्यावर बसला.

फाल्गुन वद्य पंचमीस, रंगपंचमीचे दिवशी, दरबार भरला. सरकारस्वारीने तबकडी ऐकावी, साळूबाईस समोर पाहावे, आणि पसंत पडल्यास सातही परगण्यांत तिचे गाणे फिरवावे ऐसे ठरले होते. साळूबाई मुद्रा धरोन उभी राहिली. सुई फिरो लागली. दोन कडवी नाकातून गेली, आणि सरकारांनी जांभई दिली. मग घोडा आला, धनी आला, आणि सुई चिमणीवर चढोन टक् करोन उडाली, ती थेट चवथ्या कडव्यात जाऊन पडली. पागोटे आले की नाही हे कळलेच नाही. परंतु दरबारात जत्रा केलेली माणसे बहुत होती, त्यांस ती जागा पाठ होती. एक शिलेदार खुदकन हसला, मग पागेचे सरदार, मग चोपदार, आणि जी हशाची जागा तबकडीने गाळली ती अवघ्या सभेने भरोन काढिली. सरकार ऐसे हसले की त्यांचे पागोटे डाव्या कानावर आले आणि तेथोन मांडीवर पडले. साळूबाईने ते पाहिले. दीड महिना हाकललेली सगळी पागोटी तिच्या मनात एकदम परत आली, भुवई खाली गेली, ओठ आत गेला, आणि ती कंबरेवर हात ठेवोन हसली, मोकळी, जत्रेत हसे तैशी.

हसणे ओसरल्यावर मुनशींनी खाकरोन पाचवे कलम वाचिले. चिमणाजी मटकन खाली बसले. "गेली," म्हणाले, "मुद्रा गेली, पोरीचे गाणे गेले." सिदोपंत म्हणाले, "गेली कोठे? ही काय," आणि सभेतील एकाची छत्री उघडोन दाखविली. "साळुंकी शाबूत आहे." चिमणाजी म्हणाले, "पंत, ही साळुंकी की चिमणी, आणि तिचा माझ्या भाचीच्या तोंडाशी काय संबंध?" पंत म्हणाले, "तोंडाशी काय संबंध म्हणजे? मुद्रेत तोंड कोठोन आले?" येथे दोघांस एकाच क्षणी उमगले, आणि दोघेही छत्रीकडे पाहत राहिले. सरकारांनी मुनशींस विचारिले, "तुम्ही कोणता अर्थ धरोन लिहिलेत?" मुनशी म्हणाले, "सरकार, ब्रँड मला कळला नव्हता. जो शब्द दोन्हींकडे जाईल तो घातला, म्हणजे एक तरी बरोबर येईल."

सरकारांनी पागोटे डोईवर ठेविले आणि निवाडा दिला की शिक्काही नव्हे आणि भुवईही नव्हे, दरबाराने या बाईस ओळखिले ते हसण्यावरोन, तेव्हा हसणे हीच तिची मुद्रा, यापुढे तीच सर्व ठिकाणी दिसावी, आणि पाचवे कलम कायम. सर्वांनी वाहवा केली. साळूबाई मात्र पुढे आली आणि म्हणाली, "सरकार, मी हसते ते येते म्हणोन. एखादे दिवशी आले नाही तर?" सरकार म्हणाले, "तर पाचवे कलम. ते आत्ताच पाहू, म्हणा तिसरे कडवे." तिने म्हटले. घोडा आला, धनी आला, पागोटे आले नाही, आणि हसूही आले नाही. तिने बोडका धनी डोळ्यांपुढे आणिला, तो नुसता एक टकल्या मनुष्य होता, उन्हात उभा. पुन्हा म्हटले. तरी हसू आले नाही. साळूबाईस आईची आठवण जाहली, आणि चवथ्या परगण्यातली जत्रा पुढल्या आठवड्यात आहे हे आठवले, आणि आपण त्या जत्रेत लोकांत बसोन दुसऱ्या कोणाचे गाणे ऐकतो आहो ऐसे तिला दिसले.

तेव्हा सिदोपंत मदतीस धावले. म्हणाले, "सरकार, कलम मोघम आहे, म्हणोन बाईंस जमत नाही. नीट लिहू." आणि कागद घेऊन गंभीर स्वरे वाचो लागले, "गायिकेने तिसऱ्या कडव्यास, 'धनी' येथोन 'पागोटे' येथपावेतो, खात्याचे इतमामास शोभेल ऐसे हसावे." चिमणाजी डोळे पुसोन उठले, आपण मागे राहू नये म्हणोन म्हणाले, "त्यात घाला, हसू लांबीने तीन जव." पंत म्हणाले, "तीन जास्त होतात, दोन करा, सुई उडेल." चिमणाजी म्हणाले, "पंत, तोंड माझ्या भाचीचे की तुमचे? अडीच." पंत म्हणाले, "अडीच, परंतु दात खात्याच्या परवानगीने." मुनशी लिहीत म्हणाले, "वरचे की खालचे?" येथे साळूबाईचा बांध फुटला. ती खांबास धरोन हसली, खाली बसोन हसली, आणि तशीच हसता हसता तिसरे कडवे म्हणोन गेली, ऐसे की सरकारांचे पागोटे दुसऱ्यांदा मांडीवर आले. तिने डोळे पुसोन अर्ज केला, "सरकार, हे दोघे मला द्यावे. प्रत्येक जत्रेत, प्रत्येक कर्ण्यापुढे, यांनी माझ्या दोन बाजूंस उभे राहोन हे कलम वाचावे. मग मुद्रा चुकावयाची नाही." सरकारांनी तत्काळ मान्य केले, आणि पंतांनी व कारभाऱ्यांनी हा आपल्या एकविचाराचा गौरव समजोन मुजरा केला.

येणेप्रमाणे मुद्रा कायम जाहली. सिदोपंत उजवीकडे आणि चिमणाजी डावीकडे ऐसे सातही परगणे फिरतात, तिसरे कडवे आले की कलम वाचितात आणि जवांवरोन भांडतात, आणि साळूबाई गाते. तबकड्यांतही तिघांचे आवाज उमटले आहेत, लोक सुई टाकताच ओळखतात. ब्रँड म्हणजे काय हे त्या दोघांस अद्याप उमगले नाही, आणि ते उमगू नये याविषयी साळूबाई दर जत्रेस जपते. जे घडले ते लिहिले, टाक ठेविला.