नाकानं घ्या!

साळवे सिस्टर समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्या बघत त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे. बाई असेल तर पदर जिथं खांद्यावरून खाली उतरतो तिथं. तुम्ही नमस्कार करा, "कशा आहात" विचारा, त्या गप्प. नजर बटणावर, ओठ किंचित हलतायत. मग एकदम मान वर करून म्हणायच्या, "सव्वीस. बसा आधी. पाणी प्या. मग बोला."

माणूस मिनिटाला किती श्वास घेतो हे कळल्याशिवाय त्यांना त्याच्याशी बोलायला सुचत नसे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी नर्सिंगचं शिक्षण संपवून देवळाली प्रवरेच्या एका छोट्या दवाखान्यात लागले, तेव्हा साळवे सिस्टर तिथल्या इनचार्ज होत्या. पन्नाशीच्या, उंच, काटक. नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांच्याकडे छातीच्या विकाराचे पेशंट लांबलांबून यायचे, आणि आमचे डॉक्टर मुथा उघड सांगायचे, "औषध माझं, श्वास सिस्टरांचा."

हे वेड दवाखान्यापुरतं असतं तर ठीक होतं. एसटीत शेजारी कुणी घोरायला लागला की त्याला हलवून उठवायच्या. "मामा, तोंड मिटा. नाकानं घ्या." मामा दचकून उठायचा, आपला थांबा आला समजून गाठोडं उचलायचा आणि भलत्याच फाट्यावर उतरायचा. रविवारी चर्चमध्ये उपदेश संपला की सगळे पाद्रीबाबांशी हस्तांदोलन करायचे. या म्हणायच्या, "छान झालं, पण शेवटच्या प्रार्थनेत दम सुटतो तुमचा. मध्ये एक स्वल्पविराम घ्या. देव थांबेल तेवढा."

आणि फुगे! राहुरीच्या बाजारातून त्या पाकिटंच्या पाकिटं फुगे आणायच्या. न्युमोनियातून उठलेल्या प्रत्येकाला सकाळ-संध्याकाळ फुगा फुगवायची सक्ती. फुफ्फुसं पुन्हा पुरती उघडली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या ओसरीवर एरवी ज्यांच्या शब्दावर गाव हलतं असे मिशीवाले बागायतदार, गाल फुगवून, डोळे वटारून, लाल-पिवळे फुगे फुगवत बसलेले दिसायचे. एकदा दवाखान्याचे एक विश्वस्त पाहणीला आले. त्यांनी विचारलं, "आज वाढदिवस कुणाचा?"

"यांचाच," सिस्टर म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात जायला निघाले होते, परत आलेत."

माझं लग्न ठरवायलाही त्या आल्या. बोलावलं नव्हतं, तरी आल्या. मुलगा श्रीरामपूरचा, शाळामास्तर. कांदेपोहे झाले, माझ्या वडिलांनी पगाराबिगाराचं विचारलं, आणि सिस्टर पुढं सरसावल्या. "एकोणतिसाचा पाढा म्हणा. एका दमात."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे. बिचाऱ्यानं छाती भरून सुरुवात केली आणि एकोणतीस सातीपाशी अडकला. पण दम सोडला नाही. तसाच, श्वास धरून, आठवत बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पुरे," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या आईकडे वळल्या. "पाढा कच्चा आहे. छाती मात्र उत्तम. द्या मुलगी."

तोच माझा नवरा. पाढा अजून कच्चा आहे.

अशा या बाईंचं एक पालुपद होतं, "आधी आपलं." मला ते सुरुवातीला फार खटकायचं. नर्सनं असं म्हणावं? आम्हाला तर शिकवलेलं, आधी पेशंट. सिस्टर म्हणायच्या, "ते पुस्तकात. खोकणाऱ्याच्या तोंडासमोर जाताना आधी आपलं."

त्याचा अर्थ मला कळला तो एका हिवाळ्यात.

कारखान्याचा हंगाम जोरात होता. पाथर्डीकडून, त्या कोरड्या मुलखातून ऊसतोडीला माणसं आली होती. फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे उसाच्या पाचटाची वाकून आत शिरायची खोपटी, दाटीनं उभी होती. एकेका कोपीत पाच-सहा माणसं. आणि तिथं फ्लूची साथ शिरली. आधी अंग मोडून येणारा ताप, मग खोकला, आणि काहींना पाठोपाठ धाप. साथ शहरात होतीच. पण शहरातला माणूस घरी पांघरूण घेऊन पडतो. हे लोक तापातही कोयता घेऊन फडात उतरत. तोड बंद म्हणजे चूल बंद.

पहिले चार पेशंट आले त्या सकाळी सिस्टरांनी सगळ्यांना अंगणात रांगेत उभं केलं. आम्ही दोघी नर्सा, झाडूवाल्या मावशी, कंपाउंडर, आणि डॉक्टर मुथासुद्धा. डॉक्टर आमच्यापेक्षा नीट उभे राहिले.

"मलमलची चार पदरी फडकी शिवलीत," त्या म्हणाल्या. "नाक आणि तोंड, दोन्ही झाकायचं. नुसतं तोंड झाकून नाक मोकळं सोडलंत तर मी कान पकडीन, डॉक्टरांचाही. फडकं ओलं झालं की बदलायचं, उतरवलेलं थेट उकळत्या पाण्यात. एका पेशंटला हात लावला की साबण. मग दुसरा. लुगड्याला हात पुसायचा नाही. वेळेवर जेवायचं. उपाशी नर्स म्हणजे उद्याचा पेशंट. झोप आली तर सांगायचं, लाजायचं नाही."

मग वॉर्डाची उलथापालथ. खोकणाऱ्यांची खोली वेगळी. एका खाटेचं डोकं तर शेजारच्या खाटेचे पाय, म्हणजे कुणी कुणाच्या तोंडावर खोकायला नको. खिडक्या सताड उघड्या. पेशंट कुडकुडत कुरकुरायचे, तर सिस्टर जादा घोंगडी द्यायच्या, पण खिडकी मिटू द्यायच्या नाहीत. "थंडी घोंगडीनं जाते. कोंडलेली हवा कशानं जाणार?" धाप लागलेल्याला आडवं ठेवायचं नाही, टेकून बसवायचं. तेवढ्या उशा कुठल्या? त्यांनी फडातून पाचट मागवलं, गोणपाटात ठासून भरलं आणि प्रत्येकाच्या पाठीला एकेक बोचकं दिलं. ऊसतोडी लोकांना ते बरं वाटलं असावं. एक आजोबा म्हणाले, "कोपीतच असल्यावानी वास येतोय, बाई."

नातेवाइकांना मात्र आत मज्जाव. खिडकीबाहेर उभं राहून बोला.

एका दुपारी दारात टायरगाडी येऊन थांबली. गाडीत गया नावाची तरुण बाई आडवी पडली होती. ओठ निळसर, नाकपुड्या उडतायत. तिचा नवरा म्हातारदेव बैलांना तसाच सोडून ओरडत आला, "बाई, बगा की, कशी करतीया!"

मी धावले. पायरीवरच माझा दंड कुणीतरी गच्च धरला. साळवे सिस्टर.

"फडकं कुठंय?"

"सिस्टर, ती बघा तरी!"

"बघितलं. चाळिसाच्या वर चाललाय." तोवर त्यांनी म्हातारदेवाकडे बोट केलं होतं. "तू गाडीत चढ. तिच्या मागं बस आणि तिला आपल्या छातीशी टेकवून बसती कर. आडवी ठेवू नको. चढ!"

तो चढला. तिला उचलून बसवता बसवता त्याचा बांध फुटला. "बाई मरती हाय आन् तुमी फडकी बांधताय व्हय! ही कसली मानसं म्हनायची!"

सिस्टर माझ्या तोंडाला फडकं लावून मागं गाठी मारत राहिल्या.   मला त्यांचा इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी आलं. गाठ मारून झाल्यावर त्या माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, "आज हिला वाचवायचंय. उद्या येईल तिच्यासाठी तू उभी पाहिजेस. पळ आता."

गयाला बसती केल्यानं तेवढ्या वेळातही जरा श्वास मिळाला होता. आम्ही तिला आत आणलं, पाचटाच्या बोचक्याला टेकवलं. डॉक्टरांनी पेनिसिलिन सुरू केलं. ऑक्सिजनचं सिलिंडर आमच्याकडे एकच, आणि दुसरं नगरहून कारखान्याच्या ट्रकनं यायचं होतं. कधी, ते ट्रकवाल्यालाच ठाऊक. सिस्टर स्टूल टाकून चावीशी बसल्या. गयाच्या ओठांचा रंग सुधारला की चावी किंचित कमी करायच्या, निळसर झाक आली की वाढवायच्या. मध्येच तिला कुशीवर वळवून पाठीवर ओंजळीनं थापट्या द्यायच्या, म्हणजे कफ सुटेल. थापट्यांना एक ताल असायचा. गया अर्धवट शुद्धीत पुटपुटली, "भाकरी थापती का काय बाई?"

ते ऐकून फडक्याआडून सिस्टर पहिल्यांदा हसल्या. बोलण्याइतका दम आला होता तिला.

दुसरं सिलिंडर वेळेत आलं. गया वाचली. दोन म्हातारी माणसं मात्र आम्हाला राखता आली नाहीत. त्या दोन्ही दिवशी सिस्टर ड्यूटीनंतर विहिरीपाशी एकट्याच उभ्या होत्या. बाकीचे सगळे हळूहळू उठले. ओसरीवर फुगे दिसायला लागले. म्हातारदेव खिडकीशी येऊन मान खाली घालून म्हणाला, "लई बोललो त्या दिशी. ध्यानात ठिवू नका."

"ओरडलास ते बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "छाती चांगली आहे तुझी."

आणि साथ ओसरत आली असताना सिस्टरच पडल्या. इतकं सांभाळून. मी घाबरून म्हटलं, "तुम्ही तर सगळं पाळत होता!"

"फडकं म्हणजे भिंत नव्हे गं," त्या तापातच म्हणाल्या. "तुम्ही सगळे उभे आहात ना? एकटी मी पडले. चांगलाच हिशेब आहे हा."

पेशंट म्हणून त्यांच्यासारखा त्रासदायक पेशंट मी पुन्हा पाहिला नाही. "बोचकं दोन बोटं वर घे." "थापट्या काय देतेस, धूळ झटकतेस का?" डॉक्टर नाडी बघायला आले की या त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण बघायच्या. "डॉक्टर, तुम्हीच दमलाय. घरी जा."

पण एका संध्याकाळी ताप चढला, धापही वाढली, तेव्हा मी त्यांना विचारलं, "सिस्टर, घरी कुणाला कळवू?"

त्या छताकडे बघत म्हणाल्या,

"भाऊ होता सोलापूरला. तो गेल्यावर भावजयीशी येणं-जाणं राहिलं नाही. नको कळवूस. कळवण्यासारखं कुणी नाही."

आम्ही सगळे समजत होतो की सिस्टर रजा घेत नाहीत ते कामाच्या प्रेमापोटी. दिवाळी, नाताळ, उन्हाळा, कायम ड्यूटीवर. रजा घेऊन त्यांनी जायचं कुठं, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिडकीबाहेर गया उभी. फडातून तशीच आलेली, अंगाला पाचटाची कुसळं चिकटलेली. आत यायला बंदी, ती बंदी सिस्टरांनीच घातलेली. तिनं गजांपाशी तोंड नेऊन हाक मारली, "बाई, तोंड मिटा! नाकानं घ्या!" आणि कनवटीचा फुगा काढून, फुगवून दाखवला. "आसं! उंद्याच्याला तुमी बी करायचं."

सिस्टर म्हणाल्या, "हिला हाकला." पण मान वळवून खिडकीकडेच बघत होत्या. गया रोज यायला लागली. एकदोनदा तिच्याबरोबर टोळीतल्या आणखी बायका आल्या आणि खिडकीबाहेर ओळीनं बसून, सिस्टर जाग्या आहेत की नाही याची पर्वा न करता, आपापल्या सासवांबद्दल बोलत राहिल्या. सिस्टरांचा ताप उतरला तेव्हा त्यांना त्या टोळीतली सगळी सासूसुनांची भांडणं पाठ होती.

हंगाम संपला. कोप्या मोडल्या, गाड्या भरल्या. निघायच्या दिवशी गयानं गाडी दवाखान्यापाशी थांबवली. सिस्टर ओसरीवर खुर्चीत बसल्या होत्या, अजून अशक्त होत्या.

"बाई, तुमचं म्हायेर कुठलं?" गयानं विचारलं.

"माहेर? ते आता नाही."

"न्हाई कसं? समद्यास्नी आसतं." गया जरा थांबली. मग पदर नीट करत म्हणाली, "मंग आमच्याकडं या म्हायेरपनाला. मी वयानं ल्हान हाय, पर ते कोन बगतंय! सासूला सांगून ठिवलंय म्या. पाथर्डीला उतरा, हे गाडी घेऊन येत्याल."

गाडीवरून म्हातारदेव म्हणाला, "या बरं का बाई. न्हाईतर ही मला जगू द्यायची न्हाई."

 गाड्या गेल्या. सिस्टर कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत बसल्या.

चैत्रात त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि रजा मागितली. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. "रजा? कुठं निघालात, सिस्टर?"

"माहेरी," त्या म्हणाल्या आणि चक्क लाजल्या.

मी त्यांना एसटीवर बसवून दिलं. नवं पातळ, हातात पिशवी, पिशवीत मुलांसाठी खाऊ. आठवड्यानं परत आल्या तेव्हा उन्हानं रापल्या होत्या, केसांना चपचपीत तेल होतं, आणि दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या. गयाच्या सासूनं कासारणीला बोलावून भरल्या होत्या.

"काय केलंत इतके दिवस?" मी विचारलं.

"काही करू दिलं नाही गं त्यांनी. पाटावर बसवून वाढायच्या. दुपारची झोपले मी, कमल. रोज दुपारची झोपले." आपण सांगतोय त्यावर त्यांचाच विश्वास बसत नव्हता.

वॉर्डात शिरण्याआधी त्यांनी मनगटांना साबण लावून एकेक बांगडी अलगद उतरवली, रुमालात बांधली, कपाटात ठेवली. दिवसभर नेहमीसारखंच काम, नेहमीसारखाच आरडाओरडा. पण ज्यांना ड्यूटी संपल्यावर अक्षरशः ढकलून घरी पाठवावं लागायचं, त्या साळवे सिस्टर त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मोरीपाशी येऊन उभ्या होत्या. रुमाल उघडलेला, हात पुढं केलेला.

"कमल, साबण लाव गं जरा," त्या म्हणाल्या. "मला एकटीला चढत नाहीत."