बदल करणाऱ्यास कळवू नये

१९९५ साली वागळे इस्टेटमधल्या आमच्या पंपांच्या कारखान्यात कामापेक्षा चौकश्याच जास्त होत. माल आला का, रजा मंजूर झाली का, हे बघायला जो तो दर दहा मिनिटांनी एकुलत्या एका संगणकापाशी येई, आणि त्याच त्या प्रश्नांनी यंत्र बिचारं मेटाकुटीला येई. व्यवस्थापक दामलेसाहेब मला म्हणाले, "यावर काहीतरी करा." मी तेव्हा प्रोबेशनवर होतो. कायम झाल्याशिवाय लग्नाची तारीख निघणार नाही, असं डोंबिवलीत मंजुळाच्या वडिलांनी बजावलं होतं. तेव्हा मी 'काहीतरी' जरा जास्तच केलं.

योजना अशी होती. ज्याला ज्या नोंदीत रस असेल त्याने एकदा नाव नोंदवायचं आणि गप्प बसायचं. नोंद बदलली की यंत्र आपणहून निरोपांच्या रांगेत एक ओळ टाकणार, आणि सवडीने चिठ्ठी छापून निघणार. निरोप पोचला का, हे बदल करणाऱ्याने बघायचं नाही. तो चहाला मोकळा. याची बारा कलमी नियमावलीही मी लिहिली. कलम एक: 'कोणीही विचारू नये.' कलम सातचा मात्र मला विशेष अभिमान होता: 'ज्याने बदल केला, त्यास त्या बदलाचा निरोप पाठवू नये.' आपण काय केलं हे माणसाला ठाऊक असतंच, मग कागद कशाला वाया घालवा? साहेब इतके खूष झाले की त्यांनी कर्मचाऱ्यांना कार्यालयाची पत्रं पाठवणंच बंद केलं.

यंत्रात शिरायला प्रत्येकाला आपलं नाव आणि पासवर्ड हवा होता. त्यासाठी तीन प्रतींत अर्ज करायचा होता. तो अर्ज मीच तयार केला होता, आणि तो इतका सखोल झाला की कुणीच भरला नाही. शेवटी मनाचा मोठेपणा दाखवून मी माझाच पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवला. सगळा कारखाना माझ्या नावाने यंत्रात शिरू लागला.

यंत्रणा उत्तम चालली. चिठ्ठ्या भराभर निघत. लोकांनी स्वतःच्या नोंदींपेक्षा दुसऱ्यांच्याच नोंदींत जास्त रस दाखवला होता, त्यामुळे कुणाची रजा नामंजूर झाली हे सगळ्यांना वेळेवर कळे. मला एकही चिठ्ठी येत नव्हती. अर्थात माझ्या नोंदीत काहीच बदल होत नसणार, असा शास्त्रशुद्ध निष्कर्ष मी काढला. विचारणं कलम एकमध्ये बसत नव्हतं.

एके दिवशी बाळकुमचा भगवान भोईर, आमचा स्टोअरकीपर, डबा उघडता उघडता म्हणाला, "पेढे कवा देनार रे?"

"कसले?"

"कायम झालास ना? पंधरा दिस झाले. आमाला सगल्यांना चिठ्ठी आली."

हातातला घास टाकून मी आस्थापना विभागात धावलो. कलावतीबाईंनी चष्मा पुसून घेतला. "अहो, आदेश झाल्यावर सात दिवसांत संमतिपत्र द्यायचं असतं. तुमचं आलं नाही, म्हणून आज सकाळी आदेश रद्दसुद्धा झाला. त्याच्या चिठ्ठ्या अजून रांगेत आहेत."

"पण मला कळवलं का नाही?"

"तुम्हाला काय कळवायचं? बदल तुम्हीच केलात. हे बघा, 'बदल करणारा', पुढे तुमचं नाव."

"बाई, बोटं तुमची होती!"

"बोटांसाठी रकाना ठेवलाय का तुम्ही?"

प्रकरण दामलेसाहेबांकडे गेलं. "स्वतःच स्वतःला कायम केलंत?" ते शांतपणे म्हणाले. "यंत्रणा चुकते म्हणत असाल, तर असली यंत्रणा बनवणाऱ्याला मी ठेवू कसा? आणि ती बरोबर असेल, तर लबाडी तुमची. काय ते लिहून द्या."

दुपारभर मी कोरा कागद घेऊन बसलो. मंजुळाची आठवण येऊन रडू फुटत होतं. चूक कबूल केली असती, तर निदान लबाड तरी ठरलो नसतो. पण ते बारा कलमांचं लेकरू माझं होतं. संध्याकाळी मी लिहून दिलं: 'यंत्रणा निर्दोष आहे.'

नोकरी गेली. लग्नही मोडलं असावं. डोंबिवलीत सगळे तसं बोलतात, मला मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि तुम्ही? मी पासवर्ड पडद्याला चिकटवला तेव्हाच पुढचं सगळं तुमच्या लक्षात आलं होतं. तरी इथपर्यंत मजेत वाचत आलात आणि एका शब्दाने बोलला नाहीत. याला माहीत असेलच, असं तुम्हालाही वाटलं असेल.